केसरबाईचे पान

बल्लारपूर, १२ नोव्हेंबर २००७

रिना, जय भीम.

चोवीस वर्षांनी लिहितो आहे. अक्षर तू ओळखणार नाहीस, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मी तुझा बाप. पुण्याचा पत्ता तुझ्या मामाने, पत्रूभाऊने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. तो देत नव्हता, मीच वडशाला तीन खेपा केल्या.

माझं बरं आहे म्हणायचं. बीपीची गोळी रोज घेतो. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही हे पाहायला दोनदा परत येतो. मिलमधून निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

तुला नवल वाटेल, मी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात काम करतो. पगार नाही, तिथे कोणालाच नसतो. ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. हिंदी कोशातली आपल्या भागातली पानं मी मराठीत आणतो. राजुरा, कोरपना, गोंडपिपरी, सिरोंचा, इकडच्या नद्या, इकडची झाडं. सातवी पास माणसाची आजपर्यंत दोनशे बारा पानं झाली. मी वहीत लिहितो आणि शमीमबाई टाइप करते. स्टेशनजवळ तिचं नेट कॅफे आहे. तिचा सासरा बाबूभाई, त्याचा पूर्वी चंद्रपूरला छापखाना होता. आता तो कॅफेच्या कोपऱ्यात बसून असतो. लोकांच्या लेखातल्या चुका मला लगेच दिसतात. त्यावर शमीमबाई म्हणते, "काका, तुमी पंक्चरवाल्यासारखे हाये. दुसऱ्याच्या चाकातला खिळा तुमाले दुरूनच दिसते."

मुद्द्यावर येतो. कोशात तुझ्या आईचं पान पाहिलं. केसरबाई, झाडीपट्टीच्या नाटकांतल्या नटी. लिहिणाराचं नाव 'रिना, वडसा'. मला कळायला वेळ लागला नाही. चांगलं लिहिलं आहेस.

पण त्या पानावर 'वर्धाकाठ' नावाच्या कोणा संपादकाने सूचना लावली आहे. तू पाहिली नसशील म्हणून उतरवून देतो. "संदर्भ नाही. सात दिवसांत संदर्भ न मिळाल्यास पान काढावे." मुदत पंधरा तारखेला संपते. हा वर्धाकाठ कोण हे मला ठाऊक नाही. तिथे फारसं कोणी खरं नाव लावत नाही. पण नियमाने त्याचं बरोबर आहे. जे छापून आलेलं आहे तेच कोशात चालतं. घरच्यांनी सांगितलेलं चालत नाही.

शेवटून दुसरं वाक्य वाचलं. '१९८३ साली पतीने उकळत्या चहाचा गंज तोंडावर फेकल्यामुळे त्यांचे रंगभूमीवरचे काम थांबले.' रिना, गंज फेकला नव्हता. स्टोव्हवरून उतरवताना हातातून सुटला. ते वाक्य काढ असं मी म्हणत नाही. पण असं काही लिहिलं की संपादकांचं लक्ष जातं. ते नसतं तर वर्धाकाठने पानाकडे पाहिलंही नसतं, असा माझा अंदाज आहे.

तुझा बाप,
श्रीहरी तामगाडगे
बी शिफ्ट

(शेवटचे दोन शब्द सवयीने गेले. मिलमध्ये मशीनच्या वहीत काही लिहिलं की खाली शिफ्ट टाकावी लागायची. सदतीस वर्षांची सवय आहे.)


बल्लारपूर, २८ नोव्हेंबर २००७

रिना,

तुझं पत्र मिळालं. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. असो.

माझं पत्र तुला पंधरा तारखेला मिळालं आणि त्याच दिवशी पान गेलं, असं तू लिहितेस. पोस्टाला तीन दिवस लागतात, त्याला मी काय करणार?

सोळा तारखेला काय झालं ते पत्रूभाऊने मला फोनवर सांगितलं होतं. तुझ्या आईला खुर्चीवर बसवून दोघांनी उचलून वडशाच्या कॅफेत नेलं. तिच्या छातीत पाणी झालं आहे आणि डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितलेत, हे मला तेव्हा कळलं. पडद्यावर 'हे पान काढून टाकले आहे' एवढंच आलं. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं म्हणे, "यात माहं नाव कुठी हाये?" पत्रूने पहिल्या ओळीवर बोट ठेवून इथी हाये म्हणून सांगितलं. तिने त्या जागेला हात लावला. पत्रूने खोटं सांगायला नको होतं. आज ना उद्या कळणारच.

तू ट्रंकेबद्दल विचारतेस. आई सांगते की तिच्या नाटकांची सगळी हँडबिलं तुमच्याकडे आहेत, ती मिळाली तर पान पुन्हा लावता येईल. होती खरी. पण वाळवीने खाल्ली. आपली खोली नदीकडच्या बाजूला आहे, ओल फार. कधी खाल्ली ते आता आठवत नाही. ट्रंक अजून खाटेखाली आहे, पण तिच्यात माझ्या रजया आहेत. तू येऊन पाहण्याची गरज नाही.

तिला ताक देऊ नका. छातीत पाणी असलं की ताक वाईट.

श्रीहरी तामगाडगे


बल्लारपूर, १४ जानेवारी २००८

रिना,

पाकिटात तू एक शब्दही लिहिला नाहीस. नुसते कागदाचे दोन तुकडे. एक माझ्या पहिल्या पत्राचा खालचा भाग, कात्रीने कापलेला. दुसरा कोशातल्या चर्चेची छापील प्रत. पान गेलं तरी त्यावरची चर्चा राहते, हे मला ठाऊक होतं. पण मी जे वहीत लिहितो ते शमीमबाई जसंच्या तसं टाइप करते, याचा विचार केला नव्हता. "सात दिवसांत संदर्भ न मिळाल्यास पान काढावे. बी शिफ्ट." दोन वर्षं माझ्या प्रत्येक शेऱ्याखाली हे छापलं जात होतं आणि मला कोणी सांगितलं नाही. लोकांना वाटलं असेल, नावाचाच भाग आहे.

तर वर्धाकाठ मीच.

आता खरं लिहितो. हँडबिलं आहेत. एक्केचाळीस. रजयांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. एकालाही वाळवी लागलेली नाही. दर पावसाळ्यात मी कडुलिंबाचा पाला बदलतो.

ती मी कशी जमवली हे तुझ्या आईने सांगितलं का? दिवाळी झाली की बैलांचे शंकरपट भरायचे त्या गावांत नाटकं लागायची. मी ड्युटी संपवून सायकलने निघायचो, पोंभुर्ण्यापर्यंत, एकदा तर पार मूलपर्यंत. ती पडद्यामागून यायची आणि मंडपातला माणूस बोलायचा थांबायचा. प्रत्येक गावचं हँडबिल मी घडी न घालता शर्टाच्या आत पाठीला लावून आणायचो. गुलाबी, पिवळी, हिरवी, सगळी चंद्रपूरला छापलेली. तिच्याशी लग्न केलं ते त्याच ओढीने. मग लग्नानंतर तोच मंडप मला सहन होईना. मिलमधले लोक म्हणायचे, श्रीहरी, काल तुही बायको पाहून आलो दीड रुपयात. मी नाटक मंडळाच्या मॅनेजरकडे गेलो आणि सांगितलं की हँडबिलावर फक्त 'केसरबाई' छापा, माझं आडनाव कुठेही आलं तर मंडप पेटवीन. त्याने तसंच केलं. एक्केचाळीस हँडबिलांत तामगाडगे हा शब्द एकदाही नाही.

सहा वर्षं तिने ऐकलं नाही. त्र्याऐंशीच्या जानेवारीत ती तोंडाला रंग लावून निघाली होती आणि बाहेर बैलगाडी उभी होती. बाकीचं तू लिहिलंच आहेस. तू दारात होतीस.

माझं म्हणणं ऐक. त्या वाक्याच्या जागी 'घरगुती कारणामुळे काम थांबवले' असं लिही. खोटं नाही ते. तू तसं लिहिलंस की दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस हँडबिलं रजिस्टर पोस्टाने पाठवतो आणि पान परत लावायला पहिला पाठिंबा माझाच. बाईचं पान राहतं, माझी म्हातारपणी अब्रू राहते. विहारात लोक मला पुढे बसवतात, रिना. कॅफेत रोज वीस पोरं-माणसं येतात. उद्या कोणी विचारलं की केसरबाईचा पती कोण, तर मी कुठे जाऊ?

तिला विचार. पण लवकर विचार.

श्रीहरी


बल्लारपूर, ५ मार्च २००८

रिना,

पत्रूभाऊ चोवीस फेब्रुवारीच्या रविवारी येऊन गेला. चहा घेतला नाही. खाटेवर बसला, म्हणजे ट्रंकेच्या बरोबर वर, आणि तुझ्या आईचा निरोप सांगितला.

"केसरीनं सांगतलं, वाक्य राहू दे, पान जाऊ दे."

मी म्हटलं, तिला नीट समजावलं नसेल. तो म्हणाला, "समजावून समजावून थकलो. तिले बोलता येत नाई धड, पन हे तिनं दोन डाव सांगतलं." मग उठताना खाटेखाली पाहिलं आणि म्हणाला, पुढच्या वेळी मी एकटा येणार नाही, समाजाचे चार लोक घेऊन येईन, मग ट्रंक कोण उघडतं ते पाहू.

तेव्हापासून मला झोप नव्हती. दाराचा आवाज झाला की उठून कडी पाहायचो. बीपी एकशेऐंशीवर गेलं. मंगळवारी दुपारी मागच्या अंगणात घमेल्यात मी सगळी हँडबिलं जाळली. एकेक केलं असतं तर जमलं नसतं, म्हणून पिशवीसकट. प्लास्टिकचा धूर डोळ्यांत गेला, अजून लाल आहेत. पिशवीत आमची लग्नपत्रिकाही होती, हे नंतर लक्षात आलं. तीही हँडबिलाच्याच गुलाबी कागदावर छापलेली होती, मंडळाकडे उरलेला कागद फुकट मिळाला म्हणून. हळद लावलेली एकच प्रत मी ठेवली होती.

आता पत्रूला म्हणावं, चार काय चाळीस लोक आण.

हे मी शमीमबाईला सांगून बसलो. मन हलकं करायला कोणी नाही मला. तिने कीबोर्ड बाजूला सारला. "ज्या बाईचं पान तुमी माह्या हातानं काढाले लावलं, ते तुमची घरवाली होती?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. ती म्हणाली, "कागद जाळनाऱ्या मानसाले मी आता काऊन टाइप करून देऊ, काका?" आठवडा झाला, माझं सिरोंचाचं पान अर्धं पडलं आहे. बाबूभाई कोपऱ्यातून तारेबद्दल काही बोलला, छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तारेत ओवून ठेवतो असं काही. त्याला ऐकू येत नाही, तो असाच मधेच बोलतो. मी लक्ष दिलं नाही.

तिला कळवू नकोस की जाळली. वाळवीच सांग.

श्रीहरी


बल्लारपूर, २ जून २००८

रिना,

वडशाला तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. मंडपाच्या मागच्या बांबूपाशी उभा होतो. तू मला पाहिलंस हे मी पाहिलं. तू पाणी वाटत होतीस. माझ्या शेजारच्या माणसाला ग्लास दिलास, त्याच्यापुढच्याला दिलास.

बोलायचं होतं ते इथे लिहितो.

बाबूभाईच्या छापखान्याच्या तारा शमीमबाईने माळ्यावरून काढल्या आणि तीस वर्षांच्या हँडबिलांत हात काळे करत आठवडा घालवला, हे तिने मला सांगितलं नाही. पाच मे रोजी तू कोशात पान परत लावण्याची विनंती टाकलीस, सोबत अडतीस हँडबिलांचे फोटो, तेव्हाच मला कळलं. आणि ती स्मरणिका. एक्क्याण्णव साली मंडळाने काढलेली, तीही बाबूभाईकडेच छापलेली. त्यात तुझ्या आईची मुलाखत आहे, हे मला सतरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. 'रिनाच्या बाबांनी गंज फेकला. त्यांचं नाव मी घेत नाही.' नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत तिने अर्धं तोंड जळाल्यावरही पाळली. ते वाचून मी शांत झालो होतो, तुला खोटं वाटेल. नाव नव्हतं.

तरी मी आक्षेप घेतला. शमीमबाई टाइप करत नव्हती म्हणून चंद्रपूरला बसने जाऊन दुसऱ्या कॅफेत पैसे देऊन करवून घेतला. 'हँडबिले खासगी हातात आहेत, खातरजमा व्हावी.' अशा आक्षेपावर कोश चालवणारे प्रचालक आठ दिवस थांबतात. हे मला ठाऊक होतं. तिची तब्येत कशी आहे हेही ठाऊक होतं, पत्रूने फोन केला होता आणि सांगितलं होतं की ती पाणीही घेत नाही, एवढं पान होऊ दे. मला वाटलं, आठ दिवसांचाच प्रश्न आहे. आठ दिवसांत माणूस विचार बदलतो. ती नाही तर तू बदलशील आणि वाक्य काढशील.

तेरा मेला पान परत लागलं. ती बाराला गेली.

सातव्या दिवशी. मी पुन्हा पुन्हा मोजलं. मी आक्षेप घेतला नसता तर पान सहा मेलाच लागलं असतं. तू तिला वाचून दाखवलं असतंस.

मी डॉक्टर नाही. मला काय ठाऊक की बारालाच.

श्रीहरी


बल्लारपूर, रविवार, १६ नोव्हेंबर २००८

रिना,

पान आता चांगलं झालं आहे. लोक भर घालताहेत. गोंदियाच्या कोणी तिचा फोटो लावला, उजव्या बाजूने काढलेला. मी रोज उघडतो. शमीमबाई मला बसू देते, बोलत नाही. माझ्या गावांच्या पानांवर आता माझं लक्ष लागत नाही. सिरोंचा अर्धंच आहे.

त्या पानात उजवीकडे चौकट आहे. जन्म, मृत्यू, कार्यक्षेत्र, अपत्ये: रिना. पतीची ओळ रिकामी होती. सोमवारी मी वहीत लिहिलं, 'पती: श्रीहरी तामगाडगे', आणि वही शमीमबाईपुढे ठेवली. तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाइप केलं. ती अक्षरं पडद्यावर तुझ्या आईच्या नावाखाली आली तेव्हा मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धुतलं.

मंगळवारी तिथे तुझी सूचना होती. 'संदर्भ नाही. सात दिवसांत संदर्भ न मिळाल्यास मजकूर काढावा.' माझीच वाक्यं आहेत, एक शब्द बदललास.

संदर्भ कुठून आणू? हँडबिलांवर माझं आडनाव मीच येऊ दिलं नाही. स्मरणिकेत तिने नाव घेतलं नाही. लग्न विहारात झालं, नोंद केली नव्हती. पत्रिका मी जाळली. बाबूभाईच्या तारेत तिचीही एक प्रत असणार, हे मला बुधवारी सुचलं. धावत गेलो. शमीमबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होती ना. गुलाबी. एकच होती. मे महिन्यात रिना घेऊन गेली."

म्हणजे ती तुझ्याकडे आहे. पुरावा हातात ठेवून तू मला पुरावा मागते आहेस. मी तुला काही म्हणत नाही. हे कसं करतात ते मला ठाऊक आहे.

रिना, मला आता वाक्य काढायचं नाही. वाक्य राहू दे. त्यात 'पतीने' असं लिहिलं आहे, तिथे माझं नाव घाल. गंज सुटला नव्हता. फडक्याने धरून दोन्ही हातांनी उचलला आणि फेकला. तिने रंग लावलेला होता आणि तो चहाबरोबर खाली ओघळला. विहारातल्या लोकांनी वाचलं तर वाचू दे. त्या पानावर तू आहेस, पत्रू आहे, गावांची नावं आहेत, हँडबिल छापणाराचंही नाव आहे. मीच कुठे नाही. तिच्या तोंडात नाही, कागदात नाही. असा माणूस नव्हताच असं होईल.

हे शमीमबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग पानाच्या चर्चेतच लिवा ना, काका. आता टाइप करतो, आता रिनाले दिसंल." मी खुर्चीवर बसलोही. पण तिथे सगळे वाचतात. पहिली ओळ वहीत लिहिली आणि हात थांबला. मी म्हटलं, आधी पत्राने कळवतो, ती काय म्हणते ते पाहतो, मग लिहीन. शमीमबाईने संगणक बंद केला.

म्हणून हे पत्र. पत्रिकेचा एक फोटो लाव, एवढंच. तुझी आई असती तर तिने लावला असता की नाही हे मला सांगता येत नाही.

आज सहावा दिवस आहे. रविवार असल्याने पोस्ट उद्या उघडेल. पुण्याला पोहोचायला तीन दिवस लागतात.

श्रीहरी तामगाडगे